सीमाभागात सून म्हणून आलेल्या शिकलेल्या स्त्रियांना दोन्ही भाषांच्या शिक्षिका करा

प्रति,
मा. आयुक्त, सार्वजनिक शिक्षण खाते, कर्नाटक शासन,
मा. अपर आयुक्त, धारवाड,
तसेच बेळगाव आणि चिकोडी या शैक्षणिक जिल्ह्यांचे उपसंचालक व डाएटचे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचे) प्राचार्य यांस,

सविनय नमस्कार.

माझी नोकरीची सारी वर्षे खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील सरकारी मराठी प्राथमिक शाळांत गेली आणि निवृत्तीनंतरही शाळांशी असलेला संबंध सुटलेला नाही. त्या अनुभवाच्या आधारे हे उघड पत्र लिहीत आहे. सीमाभागातील शाळांना पहिली ते तिसरीच्या वर्गांसाठी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत सहज शिकवू शकणाऱ्या शिक्षिका हव्या आहेत, आणि तशा होऊ शकतील अशा शिकलेल्या स्त्रिया त्याच गावांत घरी बसून आहेत. त्यांच्यासाठी खात्याने खास प्रशिक्षण सुरू करावे, ही माझी मागणी आहे.

या स्त्रिया कोण, हे आधी सांगायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आला. सीमा बदलली, पण सोयरिकी थांबल्या नाहीत. चंदगड, आजरा, गडहिंग्लज, कागलच्या मुली आजही बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणीच्या घरांत सुना म्हणून येतात. मिरज आणि जतकडच्या मुली अथणी-कागवाडला येतात. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात दोडामार्ग आणि गोव्याकडचे संबंध आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी बारावीपर्यंत किंवा पदवीपर्यंत शिकलेल्या असतात आणि काही जणींनी माहेरी असताना दोन वर्षे अध्यापक विद्यालयात जाऊन डी.एड. पूर्ण केलेले असते. लग्न होऊन त्या ज्या गावात येतात तिथे शाळा असते, अनेकदा त्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामीही असते, आणि तरी त्यांची पदविका घरातल्या इतर कागदपत्रांबरोबर ट्रंकेत पडून राहते. उलट दिशेनेही हेच घडते. बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाककडून मराठी बोलणाऱ्या गावांत आणि घरांत आलेल्या कन्नड भाषक सुना आहेत. त्यांनाही दुसरी भाषा कानावर पडून येते, पण तिचा उपयोग स्वयंपाकघर आणि बाजार यांच्यापलीकडे कोणी करून घेत नाही. मी जे मागते आहे ते दोघींसाठी मागते आहे.

आता वर्गात काय होते ते पाहू. कर्नाटक शासनाच्या २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याप्रमाणे राज्यातील प्रत्येक शाळेत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवावी लागते आणि मराठी शाळांतही ती शिकवली जाते. मराठी मुले कन्नड अक्षरे लवकर शिकतात, कारण वर्णमालेचा क्रम तोच, क-ख-ग-घ तेच आणि बाराखडीच्या जागी कागुणित. मूल जे एकदा शिकलेले असते तेच नव्या आकारांत पुन्हा लिहिते. त्यामुळे तिसरी-चौथीतले मूल कन्नडचा धडा घडाघडा वाचून दाखवते, तपासणीला आलेले अधिकारी खूश होतात आणि शेरेबुकात ‘वाचन उत्तम’ असा शेरा पडतो. एकदा असा शेरा पडल्यानंतर आमच्या शाळेत अतिथी शिक्षिका, म्हणजे मानधनावरची तात्पुरती शिक्षिका, म्हणून आलेली चंदगडकडची एक सून त्याच मुलांजवळ जमिनीवर बसली आणि धड्यातली आजी बाजारात कशासाठी गेली होती, असे तिने मराठीत विचारले. एकालाही सांगता आले नाही. मुलांनी अक्षरे वाचली होती, गोष्ट वाचलीच नव्हती. मग तिने मुलांना आजी, दुकानदार आणि बस कंडक्टर करून ती गोष्ट आधी मराठीत घडवली, आणि त्यानंतर एकेक वाक्य कन्नडमध्ये त्यांच्या तोंडी घातले. दुसऱ्या दिवशी तीच मुले पुस्तक न उघडता कन्नडमध्ये भाव करत होती. तिला हे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नव्हते. लग्नानंतर शनिवारच्या बाजारात भाजी घेताना ती स्वतः अशीच कन्नड शिकली होती.

माझ्या म्हणण्याचा गाभा याच प्रसंगात आहे. कन्नड ज्यांची जन्मभाषा आहे असे उत्तम शिक्षक आपल्याकडे आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु मराठी मुलाचे पाऊल कन्नडमध्ये नेमके कुठे अडते, हे ज्याचे स्वतःचे पाऊल तिथे अडलेले असते त्याला जितके कळते तितके इतरांना कळणे कठीण असते. कन्नडमधला ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ओ’, हे वेगळे स्वर आहेत, हे मराठी कानाला आधी ऐकूच येत नाही. जोडाक्षरात देवनागरीने पहिले अक्षर अर्धे करायचे आणि कन्नडने दुसरे अक्षर खाली लिहायचे, यामुळे मूल महिनोन् महिने उलटसुलट लिहीत राहते आणि शिक्षकाला तो आळस वाटतो. प्रौढ वयात ही लिपी शिकलेल्या बाईला तो आळस वाटत नाही. ती मुलाशेजारी बसते आणि दोन्ही लिप्यांतले तेच जोडाक्षर एकाखाली एक लिहून दाखवते.

गणितात तर दोन भाषांचा फार मोठा लाभ आहे आणि तो आपण वाया घालवतो आहोत. मराठीत आपण एकवीस म्हणतो तेव्हा एकक आधी येतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि १ नंतर. पहिली-दुसरीतली मुले २१ च्या जागी १२ लिहितात त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि एकोणतीस, एकोणचाळीस या संख्यांशी तर ती बराच काळ झगडत असतात. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत जुन्या पद्धतीबरोबर दिली गेली तेव्हा केवढा गदारोळ झाला, हे आपल्याला आठवत असेल. गणिताच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे दाखवून दिले होते की दक्षिणेकडच्या भाषांत संख्या अशाच, दशक आधी घेऊन, बोलल्या जातात. सीमाभागातल्या मुलाला त्यासाठी नवी पद्धत शोधावी लागत नाही. बाजारात, बसमध्ये, दुधाच्या डेअरीवर ते रोज ‘इप्पत्तोंदु’ ऐकते, ज्यात इप्पत्तु म्हणजे वीस आधी आणि ओंदु म्हणजे एक नंतर आहे. दोन्ही भाषा येणारी शिक्षिका काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी समोर ठेवून आधी कन्नडमध्ये मोजून घेते, मग मराठीत म्हणायला लावते, आणि दशक-एकक हा विषय त्या वर्गात सुटतो. एकाच भाषेत शिकवणारी शिक्षिका कितीही हुशार असली तरी तिला हे साधन हाताशी मिळत नाही.

कायद्याची बाजू मी थोडक्यात मांडते, कारण ती आपल्याला ठाऊक आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकवण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य असेल तिथवर मातृभाषेतून शिक्षण, हे तत्त्व आहे. प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील राज्य शिक्षण धोरण आयोगाने २०२५ मध्ये शासनाला दिलेल्या अहवालातही पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड हेच माध्यम असावे, अशी शिफारस केलेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ४७ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या बेळगाव जिल्ह्यात मराठी बोलणाऱ्यांचे प्रमाण पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे. धोरण कोणतेही राबवायचे ठरले तरी दोन्ही भाषा येणाऱ्या शिक्षकांवाचून ते या जिल्ह्यात कागदावरच राहील.

मग या स्त्रिया शाळेपर्यंत का पोचत नाहीत? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेली पदविका राज्य बदलले म्हणून रद्द होत नाही, हे खरे. परंतु शिक्षक पात्रता परीक्षा मात्र कर्नाटकाची नव्याने द्यावी लागते, आणि दहावीपर्यंत कन्नड न शिकलेल्या बाईला तिच्या सूचनापत्रापासून अर्जापर्यंत सारेच परके वाटते. त्यात मागासवर्गीय मुलींची अडचण आणखी अवघड आहे. माहेरच्या राज्यातला जातीचा दाखला सासरच्या राज्यात आरक्षणासाठी चालत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या बाबतीत दुसऱ्या राज्यात स्थलांतर केलेल्यांना ही सवलत मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मारी चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले आहे. भरतीचा तो प्रश्न आपल्या खात्याच्या हातातला नाही, हे मी समजते. पण प्रशिक्षणाला प्रवेश देणे, त्या काळात मानधन देणे आणि वयाच्या बाबतीत थोडे सैल राहणे, हे तर खात्याच्या हातात आहे.

‘बाहेरच्या राज्यातली’ हा शब्द मी कार्यालयांतून वारंवार ऐकला आहे आणि दर वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे. ११ जून २०२३ पासून सुरू झालेल्या शक्ती योजनेचा मोफत बसप्रवास मिळावा म्हणून याच सुनांनी आधार कार्डावरचा माहेरचा पत्ता बदलून इथला करून घेतला. त्यांच्यातल्या ज्या कुटुंबप्रमुख म्हणून नोंदल्या आहेत त्यांच्या खात्यात राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार रुपये जमा होतात. त्यांची मुले इथल्या अंगणवाडीत आणि शाळेत आहेत, आणि मतदानही त्या इथेच करतात. राज्याने त्यांना आपले मानलेलेच आहे. शाळेच्या दारात मात्र त्या अजून परराज्यातल्या ठरतात.

दुसरी भाषा शिकवून शिक्षक तयार करण्याची व्यवस्था आपल्याच राज्यात आहे, हेही इथे नोंदवायला हवे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाची प्रादेशिक केंद्रे देशभरच्या कार्यरत शिक्षकांना दहा महिने मुक्कामी ठेवून त्यांना न येणारी भारतीय भाषा शिकवतात. म्हैसूरच्या केंद्रात कन्नड शिकवली जाते, पुण्याच्या केंद्रात मराठी. अभ्यासक्रम उत्तम आहे, शिकवणारे जाणकार आहेत. पण तो नोकरीत असलेल्या आणि पगारी प्रतिनियुक्तीवर जाऊ शकणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. गुंजी किंवा नंदगडसारख्या गावातली दोन लेकरांची आई दहा महिने म्हैसूरला जाऊन राहू शकत नाही, आणि तिची पात्रता त्यामुळे कमी ठरत नाही. तो अभ्यासक्रम तिच्या गावाजवळ आणायला हवा.

अन्य ठिकाणी असे प्रयत्न झाले आहेत. ओडिशाने २००७ पासून आदिवासी मुलांसाठी दहा आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षण सुरू केले तेव्हा त्या त्या समाजातलेच भाषा जाणणारे शिक्षक घेण्यावर भर दिला. अमेरिकेत १९६८ मध्ये द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला, १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सर्वांना एकच पुस्तक दिले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, असा निवाडा दिला, आणि त्यानंतर परदेशातून आलेल्या स्त्रियांना आधी वर्गातील मदतनीस आणि मग शिकत शिकत पूर्ण पात्र द्विभाषिक शिक्षिका करणारे कार्यक्रम अनेक ठिकाणी उभे राहिले. ज्या देशात त्या स्त्रिया खरोखरच परक्या होत्या तिथे हे शक्य झाले. चंदगडहून खानापूरला आलेली सून तर एका जुन्या जिल्ह्यातल्या एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात आलेली असते.

हे प्रशिक्षण कसे असावे याविषयी मी पुष्कळ विचार केला आहे आणि त्यातल्या काही गोष्टींवर माझा आग्रह आहे. ते डाएटच्या देखरेखीखाली चालावे, पण भरावे तालुक्याच्या बीआरसीत (गट साधन केंद्रात), म्हणजे खानापूर, निपाणी, अथणी, बेळगाव ग्रामीण अशा ठिकाणी, जिथून बाई संध्याकाळी घरी परतू शकते. वेळ साडेदहा ते तीन असावी, कारण सकाळचे दूध-भाकरी आणि संध्याकाळची गुरे यांतून तिची सुटका नाही. खानापूर-बेळगावच्या भातपट्ट्यात रोप लावणीच्या दिवसांत आणि सुगीत सुट्टी द्यावी. निपाणीकडे तंबाखूच्या हंगामाचा विचार करावा. लहान मूल बरोबर आणता येईल अशी एक खोली आणि सांभाळायला एक बाई असावी. ही सोय नसेल तर अर्ध्या जणी दुसऱ्या महिन्यात येणे बंद करतील, हे मी खात्रीने सांगते, कारण पूर्वीच्या अनेक प्रशिक्षणांचे असेच झालेले मी पाहिले आहे. आठवड्यातले दोन दिवस जवळच्या शाळेत, अनुभवी शिक्षिकेच्या हाताखाली, प्रत्यक्ष वर्गात काढावेत आणि त्या दिवसांचे मानधन द्यावे.

शिकवण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बोलणे, तेही वर्गातले बोलणे: मुलाला बसायला सांगणे, समजूत घालणे, गोष्ट सांगणे, प्रश्न विचारणे, चूक सुधारताना न दुखावणे. लिपी त्यानंतर. बाजारापुरते कन्नड बहुतेक जणींना येत असतेच. वर्गातले कन्नड वेगळे असते आणि ते कोणी शिकवत नाही. कन्नड भाषक सुनांना मराठी शिकवतानाही हाच क्रम असावा. दोन्ही गट एकाच खोलीत बसवावेत आणि त्यांनी एकमेकींना शिकवावे, असे मला मनापासून वाटते. अक्षर गिरवण्यापेक्षा चंदगडच्या आणि बैलहोंगलच्या दोघींनी मिळून दुसरीचा एक पाठ तयार करणे अधिक मोलाचे आहे. पाठ्यक्रमाची मांडणी करायला राणी चन्नम्मा विद्यापीठातील मराठी आणि कन्नडच्या अध्यापकांची मदत घेता येईल. शेवटी तोंडी, लेखी आणि वर्गातील अशी परीक्षा घ्यावी, आणि उत्तीर्ण होणाऱ्या बाईला अतिथी शिक्षक नेमताना प्राधान्य मिळेल असा लेखी आदेश काढावा. आदेशाशिवायचे प्रमाणपत्र म्हणजे त्याच ट्रंकेत आणखी एक कागद. पुढे तिची पात्रता परीक्षेची तयारी करून घेणे आणि सीमाभागातल्या शाळांत द्विभाषिक शिक्षिकेचे पद निर्माण करणे, ही पुढची पायरी आहे. ती आज मागितली तर पहिलीच अडेल म्हणून मी ती दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवते.

या सूचनेला दोन्ही बाजूंनी विरोध होईल हे मला ठाऊक आहे. मराठी बांधवांपैकी काहींना वाटेल की यातून मराठी शाळांत कन्नडचा शिरकाव वाढेल. त्यांना मी सांगेन की कन्नड शाळेत आहेच. प्रश्न फक्त ती समजून शिकवली जाणार की पाठ करून घेतली जाणार, एवढाच आहे, आणि दोन्ही भाषा भक्कम शिकवणारी सरकारी मराठी शाळा टिकली तरच पालक मुलांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवताना दोनदा विचार करतील. कन्नड बांधवांपैकी काहींना वाटेल की हा मराठीला मागच्या दाराने बळ देण्याचा प्रयत्न आहे. त्यांना मी डेप्युटी चन्नबसप्पांची आठवण करून देईन. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या या कन्नड मुलखात शाळा मराठीतून चालत असत आणि कन्नड मुलांना न समजणाऱ्या भाषेत शिकावे लागे. त्याविरुद्ध ते उभे राहिले आणि कन्नड शाळा व कन्नड शिक्षक घडवण्यासाठी झटले. मुलाला कळेल त्या भाषेपासून शिकवणे सुरू व्हावे, हा त्यांचाच आग्रह मी पुढे नेते आहे. महाराष्ट्र शासनानेही जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड मुलांसाठी असेच प्रशिक्षण सुरू करावे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि तसे पत्र मी तिकडच्या शिक्षण खात्यालाही पाठवणार आहे.

घरच्यांचाही प्रश्न आहे. सुनेने रोज बाहेर जाणे सासूला पटायला वेळ लागतो. शाळा सुधारणा समितीची बैठक बोलावून सासू-सासऱ्यांसमोर, मुख्याध्यापकांच्या तोंडून, हे काम सरकारी आणि मानाचे आहे असे सांगितले गेले तर बरेचसे काम होते. मी स्वतः अशा बैठकांना यायला तयार आहे.

तातडीने करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला पैसा लागत नाही. क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांनी सीमाभागातील मुख्याध्यापकांना एक पत्र पाठवून आपल्या शाळेच्या हद्दीत राहणाऱ्या, दुसऱ्या भाषेच्या मुलखातून लग्न होऊन आलेल्या आणि बारावी, पदवी किंवा डी.एड. झालेल्या स्त्रियांची यादी मागवावी: नाव, शिक्षण, कोणत्या भाषा बोलता येतात, कोणत्या लिहिता-वाचता येतात. यादी दिवाळीपूर्वी तयार झाली तर पुढच्या जूनमध्ये शाळा उघडण्याआधी पहिली तुकडी निवडता येईल. खानापूर तालुक्यातल्या यादीसाठी गावोगाव फिरण्याचे काम मी आणि माझ्या काही निवृत्त सहकारी शिक्षिका करू. त्यासाठी फक्त खात्याचे एक अधिकृत पत्र आमच्या हातात असावे, ही विनंती.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक निवृत्त मुख्याध्यापिका